कळवतो

"बसा ना सर. किती येरझाऱ्या घालाल?" वारके सर म्हणाले. "हेडमास्तरांच्या खोलीतली खुर्ची आणलीय तुमच्यासाठी."

मी बसलो. मग उठून पलीकडच्या बास्केटबॉलच्या बोर्डाखाली जाऊन उभा राहिलो. तिथून परत आलो. तेव्हा माझं असंच चाललं होतं. फेब्रुवारीत कुमुद, माझी बायको, गेली. अकरा दिवस ताप होता, बाराव्या दिवशी सगळं संपलं. तेव्हापासून एका जागी दहा मिनिटं बसवत नव्हतं. घरात तर नाहीच. कॉलेजने कुठेही जा म्हटलं की मी पिशवी उचलून निघायचो. न सांगताही निघायचो.

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. मी नाशिकच्या एका कॉलेजात क्रीडाशिक्षक होतो. खेळाडूंच्या वसतिगृहात दरवर्षी अकरावीसाठी एखाद-दुसरी जागा असायची. राहणं, जेवण, फी, सगळं कॉलेज बघायचं. त्या वर्षी एकच जागा उरली होती आणि बास्केटबॉलच्या संघाला फॉरवर्ड हवा होता. रिंगजवळ उभं राहून दोन जणांच्या डोक्यावरून चेंडू ओढून आणील असा. यादी शनिवारी दुपारी दोनच्या आत संस्थेत जायची होती. मी रावेरला पोचलो तो शनिवारच होता.

मे महिना. सकाळी साडेसहालाच ऊन अंगावर येत होतं. शाळेच्या मागे सिमेंटचं मैदान, दोन लोखंडी खांब, एका रिंगला जाळी आणि दुसरी नुसतीच. वारके सर तिथले ड्रिलमास्तर. वीस वर्षं एकट्याने पोरांना हा खेळ शिकवत होते. त्यांनी पोस्टकार्ड पाठवलं होतं, "एक फॉरवर्ड आहे. एकदा बघून जा. मग नाही म्हणा."

"तो बघा. सात नंबर," ते म्हणाले.

मी बघतच होतो. नाव ललित बऱ्हाटे, दहावीची परीक्षा दिलेला. उंची पाच फूट दहा, फार तर साडेदहा. अंगावर मांस नाही. बूट मोठे होते, कुणाचे तरी उतरवलेले असावेत असं वाटलं. नंतर विचारलं तर पायाचा दहा नंबर त्याचाच निघाला.

माझी बघायची एक रीत होती. पहिली दहा मिनिटं मी चेंडूकडे बघत नाही, पायांकडे बघतो. चेंडू रिंगवर आपटून कुठे पडणार हे चांगल्या फॉरवर्डच्या पायांना आधी कळतं. या पोराचे पाय दुसऱ्याने चेंडू फेकला की लगेच हलायचे. चेंडू पडायचा तिथे तो आधीच उभा असायचा. पाच वेळा मोजलं, पाच वेळा तो तिथे होता.

कुंपणाच्या भिंतीवर बसलेली पोरं ओरडत होती, "घे रे शिडीच्या, घे."

"शिडीच्या?" मी विचारलं.

"गावातली चिडवाचिडवी हो," वारके सर म्हणाले. "लक्ष देऊ नका. तो देत नाही."

खेळताना तो सरळ असायचा. पण शिट्टी वाजली, पाणी प्यायला बाजूला आला की त्याचे खांदे पडायचे, मान पुढे यायची, गडी दोन इंच कमी व्हायचा. मी वहीत लिहिलं, "पाय उत्तम. पोक."

"कसं काय वाटलं?" वारके सरांनी विचारलं.

"खेळ चांगला आहे. पण आज पाच दहा आहे. अठराव्या वर्षी पाच अकराच राहिला तर मी त्याचं काय करू? फॉरवर्ड सहा-दोन तरी पाहिजे."

"वाढेल ना सर."

"सगळेच मास्तर म्हणतात वाढेल."

"तुमच्याकडे दुसरा आहे का कुणी?"

"मनमाडचा भामरे. आजच सहा-एक आहे."

"खेळतो कसा?"

"लाकूड आहे," मी खरं ते सांगितलं. "पण लाकूड तासता येतं. उंची कुठून आणू?"

वारके सर हसले नाहीत. म्हणाले, "मग चला त्याच्या घरी. तुम्ही घर बघितल्याशिवाय जात नाही म्हणे."

हे खरं होतं. मी घर बघायचो, म्हणजे आई बघायचो. पोरगा किती वाढेल हे त्याच्या आईवरून निम्मं कळतं. बाप समोरच असतो, त्याला मोजायला अडचण नाही. पण परक्या घरातल्या बाईला उभ्या राहा, मोजतो, असं कोण म्हणणार? आणि विचारण्यात अर्थ नसतो. इगतपुरीच्या एका बापाने बायको पाच फूट सात सांगितली होती, ती पाच फूटसुद्धा भरली नाही. म्हणून मी कुमुदला बरोबर न्यायचो. मी ओसरीवर बसायचो, ती सरळ स्वयंपाकघरात जायची. पंधरा मिनिटांनी बाहेर यायची. एसटीत बसलो की सांगायची, "माझ्या भुवईच्या वर दोन बोटं." कुमुद पाच फूट अडीच इंच होती. मी हिशेब करायचो. पंधरा वर्षांत ती एकदाही चुकली नाही. तिला या खेळातलं काही कळायचं नाही, बोर्डाला ती शेवटपर्यंत फळी म्हणायची. पण पोराची बहीण कुणाकडे दिली, बाप पितो का, पोरगा रागावला की जेवतो का नाही, हे सगळं तिला तेवढ्या वेळात कळलेलं असायचं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा एकटा गेलो.

बऱ्हाट्यांचं घर पेठेत होतं. पुढे ओटा, मग लांब ओसरी, आत अंधार. ललितचे वडील प्रभाकरराव केळीच्या सोसायटीत कारकून होते. ठेंगणा, हसरा माणूस. माझ्या कानापर्यंत आला, म्हणजे साडेपाच फूट. त्यांनी माझ्यासाठी पांढरी चादर घातलेली खाट मांडून ठेवली होती. मी टेकतो न टेकतो तोच शेजारच्या ओट्यावरून एक बाई म्हणाली, "प्रभाकरभाऊ, पाहुणे आले वाटतं. कोणाले बघायले?"

"ललितले बघायले आलेत, नाशिकहून."

"अय्या. मग पोहे करा, पोहे."

"केलेत," आतून एक आवाज आला, आणि दोन्ही ओट्यांवर हशा पिकला.

ललित अंघोळ करून, भांग पाडून आला होता. चहाचा ट्रे त्याच्याच हातात दिलेला.

"बस तिथं. सरळ बस," प्रभाकरराव त्याला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "गाणं मात्र येत नाही हो त्याले."

मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो असेन.

"आई आहे ना घरात?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"आहे ना," ललित म्हणाला आणि त्याने आत हाक मारली, "आई, सर आलेत."

पोह्यांच्या बशा घेऊन पन्नाशीची एक बाई बाहेर आली. गोल, गोरी, कपाळावर मोठं कुंकू. बशी घ्यायच्या निमित्ताने मी उठून उभा राहिलो. जेमतेम माझ्या खांद्यापर्यंत. चार फूट अकरा, जास्तीत जास्त. कुमुद असती तर इथेच काम संपलं असतं.

"घ्या. लाजू नका," ती म्हणाली. "आमचा ललित दूध पितो बरं का दोन वेळचं. पण तुपाले हात लावत नाही. तिकडं कसं असतं जेवणाचं?"

"मेस आहे. चांगली आहे."

"चांगली म्हणजे कशी? वरणावर तूप देतात का?"

"तो खात नाही म्हणालात ना?"

"खात नाही, पण देतात का ते विचारते."

तिचा जीव पोरात अडकला होता हे दिसत होतं. मी ललितकडे बघितलं, बापाकडे बघितलं, पुन्हा त्या बाईकडे बघितलं.

"हा उंचीने कुणावर गेला?" मी विचारलं.

"आजोळावर," प्रभाकरराव म्हणाले. "आजोळची सगळी माणसं उंच."

मनात म्हटलं, झालं, इथेही ताणायला सुरुवात झाली. आजोळची माणसं उंच असती तर ही बाई अशी कशी असती?

ओसरीच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, आणखी एक बाई उडदाचे पापड लाटत बसली होती. डोक्यावर पदर. मी आल्यापासून तिने मान वर केली नव्हती. ललितला ठसका लागला तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, पाणी दे गं." तिने जागेवरून न उठता तांब्या फरशीवरून पुढे सरकवला. असेल थोरल्या चुलतभावाची बायको, गुडघे दुखत असतील. मी तिच्याकडे दुसऱ्यांदा बघितलंही नाही.

"मग? काय ठरवलं सर?" प्रभाकररावांनी विचारलं. हसत होते, पण हातातला रुमाल त्यांनी घट्ट पिळला होता. "इथं तर अकरावीला संघच नाही. तुमच्याकडे झालं नाही तर त्याले भुसावळला आयटीआयला घालू. खेळ मग सुटलाच."

ललित माझ्या तोंडाकडे बघत होता.

अशा वेळी काय म्हणायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. एरवी नाही म्हणायची वेळ आली की कुमुद आतून येऊन म्हणायची, "अहो, गाडी चुकेल," आणि आम्ही उठायचो. मी घड्याळ बघितलं. म्हणालो, "पोरगा चांगला आहे. बघू. कळवतो."

पापडाच्या पोळपाटावरचा लाटण्याचा आवाज तेवढा वेळ थांबला आणि परत सुरू झाला.

रावेर स्टेशन गावापासून जरा लांब आहे. मी रिक्षाने तिथे बाराच्या सुमाराला पोचलो. भुसावळकडे जाणारी पॅसेंजर पावणेदोनला होती. बाहेर एका टपरीत टेलिफोनचं बूथ होतं. तिथून प्राचार्य कापडणीसांना फोन लावला.

"भामरेचं नाव घाला सर."

"रावेरचं काय झालं?"

"खेळ चांगला, पण वाढणार नाही. बाप साडेपाच, आई पाचच्या आत."

"बरं. दीडला शिपाई यादी घेऊन निघेल. नक्की ना?"

"नक्की."

फोन ठेवला आणि फलाटावर आलो. निंबाखाली एक बाक होता. बसलो, उठलो. फलाटाच्या एका टोकाला गेलो, दुसऱ्या टोकाला गेलो. पाण्याचा नळ सोडून बघितला, पाणी तापलेलं होतं. निर्णय झाला होता आणि तो नियमाने झाला होता, तरी काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. पण फेब्रुवारीपासून मला रोजच काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

एक वाजायच्या आधी फाटकातून एक बाई आत आली. पदर डोक्यावरून पुढे ओढलेला, मान खाली, खांदे आत घेतलेले. चाल भराभर. लांबूनच काहीतरी ओळखीचं वाटलं, पण बाई ओळखीची नव्हती. ती सरळ माझ्याकडे आली.

"तुमचं चष्म्याचं घर राहिलं खाटेवर."

मी खिसा चाचपला. खरंच राहिलं होतं. "अहो, एवढ्या उन्हात कशाला आलात? कोण आपण?"

"पापड लाटत होती ना मी."

"हां हां. वहिनी," मी म्हणालो. "ललितला पाठवायचं होतं."

"त्यानंच आणलं मले सायकलवर. बाहेर उभा केलाय. त्याले वाटतं मी नुसतं हे द्यायले आली." ती थांबली. मग म्हणाली, "सर, आमचं नाही झालं ना?"

"कळवतो म्हणालो ना मी."

"हाव. म्हणूनच विचारते. मले हा शब्द चांगला माहीत आहे. सात ठिकाणचे लोक मले बघून गेले आणि सातही जण कळवतो म्हणाले. एकानंही कळवलं नाही. आठवे हे. यांनी ओट्यावरच सांगितलं, मले चालते म्हणून."

ही बाई मला तिच्या लग्नाचं का सांगते?

"तुम्ही आमच्या जाऊबाईंना बघितलं," ती म्हणाली. "बशी घ्यायले उठला ना, तेव्हा. पायापासून डोक्यापर्यंत. तशी नजर मले कळते. उंचीच बघत होते ना?"

"जाऊबाई?"

"त्याची मोठी काकू ती. तिच्या चार लेकरांमागं हा झाला. ते आई म्हणत, म्हणून हापण आई म्हणतो. आणि घरात दोघं दीर होते लग्नाचे, ते मले दिवसभर वहिनी वहिनी करत. पोरगं तेच शिकलं." तिने पदराने मानेवरचा घाम पुसला. "मी त्याची आई आहे."

मी बाकावर बसलो. मग लगेच उठलो, कारण ती उभी होती.

मी बाजूला उभ्या माणसाला मोजणारा माणूस. बस स्टँडवर, लग्नात, कुठेही. आणि दीड तास त्या ओसरीवर बसून मी कोपऱ्यातल्या बाईकडे बघितलंसुद्धा नव्हतं.

"मग तुम्ही उठला का नाहीत?" माझ्या तोंडून निघून गेलं. आवाज चढला असावा.

"पाहुणे बसलेले असले की मी उठत नाही," तिने सरळ सांगितलं. "नवी नवरी होती तेव्हाच सासूबाई म्हणाल्या, तू उभी राहिलीस की आमच्या माणसांच्या डोक्यावरून दिसते, बरं दिसत नाही. तेव्हापासून बसूनच. त्या जाऊन नऊ वर्षं झाली. आता कोणी म्हणत नाही, पण अंगालेच सवय लागली. बघायले आले म्हटलं की माझे पाय आपोआप मुडपतात."

"प्रभाकरराव तरी बोलले असते."

"ते म्हणाले ना, आजोळावर गेला म्हणून. तुम्ही ऐकलं नाही." ती जरा हसली. "गावात मले शिडी म्हणतात. दिवाळीत आकाशकंदील टांगायले बोलावतात. स्टूल नाही लागत."

मला भिंतीवरची पोरं आठवली.

"बाई, तुमचं नाव काय?"

"सिंधू."

"सिंधूताई, खरं सांगतो. मी फोन करून दुसऱ्या मुलाचं नाव कळवलंय. एकच जागा होती."

तिने हे ऐकलं. रडली नाही. रुळांकडे बघत म्हणाली, "तो दुसरा चांगला खेळतो?"

"नाही."

"मग?"

"तो उंच आहे."

"हां," ती म्हणाली, आणि चष्म्याचं घर माझ्या हातात दिलं. मग म्हणाली, "सर, तुम्ही आमच्या ओट्यावर आले ना, तेव्हा मी पापड लाटता लाटता एकच ऐकत होती. मेस, तूप, ते काही नाही. तुम्ही विचारलं, हा उंचीनं कोणावर गेला. माझ्या सगळ्या जन्मात उंची मागायले आलेला माणूस मी पहिल्यांदा बघितला. बाकी सगळे नको म्हणायलेच आले."

एक मालगाडी आली. मी सवयीने तिचे डबे मोजत राहिलो.

"तो चालतो कसा बघितलं ना तुम्ही?" गाडी गेल्यावर ती म्हणाली. "पाणी प्यायले आला की कसा वाकतो?"

"बघितलं. लिहिलंय मी, पोक."

"पोक नाही ते. पोक नव्हतं त्याले. तेरा वर्षांचा होता, बापाच्या वर गेला, तेव्हापासून वाकायले लागला. कोणी सांगितलं नाही. मले बघून शिकला." तिने फाटकाकडे बघितलं. "खेळताना तेवढा सरळ राहतो. मी एकदा शाळेच्या भिंतीआडून बघितलं. भुसावळला आयटीआयला गेला, खेळ सुटला, तर तो जन्मभर वाकलेला राहील सर. माझ्यासारखा."

मी म्हणालो, "उंचीचं कुणी सांगू शकत नाही. तुम्ही उंच असलात तरी तो वाढेलच असं नाही."

"नाही वाढला तर परत पाठवा."

"आम्ही परत पाठवत नाही कुणाला."

"मग घ्या. तुमच्याच अंगावर राहील."

तिच्या बोलण्यात विनवणी नव्हती. बाजारात भाव सांगावा तसं बोलत होती.

"सरळ उभ्या राहता का जरा?" मी म्हणालो. एवढ्या वर्षांत कुणा बाईला मी हे म्हणालो नव्हतो.

तिने इकडेतिकडे बघितलं. फलाटावर एक हमाल झोपला होता, दुसरं कुणी नव्हतं. तिने डोक्यावरचा पदर खाली घेतला. आधी मान वर आली, मग खांदे मागे गेले, मग कंबर. एकेक मणका सरळ होताना मला दिसला. दुखत असावं, कारण तिने ओठ दाबले होते. मग ती एक पाऊल पुढे आली आणि माझ्या शेजारी, खांद्याला खांदा लागेल एवढ्या अंतरावर, समोर रुळांकडे तोंड करून उभी राहिली.

मी पाच फूट दहा. तिचा खांदा माझ्या खांद्याच्या रेषेत होता. अंगाला उडदाच्या पिठाचा वास येत होता. फेब्रुवारीपासून माझ्या एवढ्या जवळ कुणी उभं राहिलं नव्हतं. कुमुदच्या दहाव्याला माणसं आली होती, पण ती सगळी समोर उभी राहिली होती. शेजारी कुणी नाही. मी हिशेब करायचं विसरलो. नुसता उभा राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. पाय हलवावेसे वाटले नाहीत, एवढं आठवतं.

"किती?" तिने विचारलं.

"पाच साडेनऊ. दहाच म्हणा."

"यांनी कधी मोजलं नाही," ती म्हणाली आणि पदर परत डोक्यावर घेतला. पण मान खाली घातली नाही.

घड्याळात एक वीस झाले होते. मी बूथकडे पळालो. ती मागून आली आणि दाराशी उभी राहिली. फोन दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा लागला.

"सर, यादी गेली का?"

"हा काय, शिपाई चपला घालतोय. का?"

"नाव बदला. भामरे काढा, बऱ्हाटे घाला. ललित प्रभाकर बऱ्हाटे."

"गोसावी, तासाभरापूर्वी नक्की म्हणालास."

"हो सर."

"आता काय नवीन झालं?"

"आई बघितली."

"मग सकाळी काय बघितलंस?"

"काकू बघितली होती, सर."

तिकडे कापडणीस सरांनी खुर्ची ओढून घेतल्याचा आवाज आला. आमची पंचवीस वर्षांची ओळख. ते प्राचार्य व्हायच्या आधीपासूनची. मग अगदी सावकाश म्हणाले, "तू बरा आहेस ना?"

"बरा आहे."

"हे काम कुमुदवहिनींचं होतं रे. तुला एकट्याला पाठवायला नको होतं मी. किती आहे आई?"

"पाच दहा."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मी शेजारी उभा राहिलो."

मग त्यांचा आवाज लांबून ऐकू आला, "अरे थांब, कागद इकडे आण. पेन दे." कागद खरवडल्याचा आवाज आला. "बऱ्हाटे. ऱ्हा कसा काढतात रे? बरं, लिहिलं. पुढे सहा-दोन झाला नाही तर संस्थेसमोर तू उभा राहायचंस."

"राहीन सर."

झाला नाही तो. सहा फूट अर्ध्या इंचावर थांबला. संस्थेसमोर मला एकदा उभंही राहावं लागलं. तो चार वर्षं आमच्याकडून फॉरवर्डच खेळला, आणि त्याच्यापेक्षा तीन-तीन इंच उंच पोरांच्या आधी चेंडूखाली जाऊन उभा राहायचा. त्यानंतर मी पोरं बघायला गेलो की ओसरीवर थांबत नसे. आत जाऊन चुलीपाशी बसायचो. आधी बाया लाजायच्या, मग बोलायच्या. पण हे सगळं नंतरचं.

मी फोन ठेवला आणि वळलो. सिंधूताई दारात उभी होती. बूथची चौकट तिच्या डोक्याला लागत होती, तरी तिने डोकं झुकवलं नव्हतं. तिला सगळं ऐकू गेलं होतं, तरी तिने विचारलं, "घेतलं?"

"घेतलं. पंधरा जूनला पाठवा. गादी आणि पांघरूण लागेल, बाकी आम्ही देऊ."

मला वाटलं, आता ही पाया पडेल किंवा डोळ्यांना पदर लावेल. तिने तसं काही केलं नाही. तिने बोटांवर मोजायला घेतलं.

"मेसवाल्याले आधीच सांगून ठेवा सर. तो अकरा पोळ्या खातो."

"अकरा?"

"बारापण खातो. लाजतो म्हणून अकरा म्हणेल. तुम्ही बाराच सांगा."

मी खिशातून वही काढली, आणि जिथे पोक लिहिलं होतं ते खोडून त्याच्यासमोर लिहिलं, बारा पोळ्या.